लग्नाआधी रक्त तपासावे का?



विवाहाची नोंद करायला दोन्हीकडची मंडळी धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात तेव्हा टेबलावर काही कागद ठेवले जातात. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र, फोटो. आपल्या लोकांत कधी कधी त्यात आणखी एका अर्जाची भर पडते, कारण मुलगी मामाची असते. मग महागुरुस्वामींच्या नावे सवलतीचा अर्ज लिहावा लागतो. आपण सगळे त्याला डिस्पेन्सेशन म्हणतो. त्या वेळी हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच: "फादर, किती दिवस लागतील? हॉल बुक झालाय." ही सवलत मुळात का मागावी लागते, असे विचारणारे फार थोडे.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कॅनन लॉमधील १०९१ वे कलम सांगते की आडव्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत विवाह होऊ शकत नाही. पायऱ्या मोजणे सोपे आहे. मुलीकडून तिच्या वडिलांकडे एक, त्यांच्याकडून आजोबांकडे दोन, आजोबांकडून खाली मुलाच्या आईकडे तीन, आणि मुलाकडे चार. म्हणजे आतेभाऊ आणि मामेबहीण बरोबर चौथ्या पायरीवर येतात. येथे महागुरुस्वामी योग्य कारण पाहून सवलत देऊ शकतात. सख्ख्या भावाबहिणीच्या बाबतीत ती कोणीच देऊ शकत नाही. या नियमामागे जुना विचार आहे. संत ऑगस्टीन म्हणत की लग्नाने प्रीतीचे वर्तुळ मोठे व्हावे. सासरा आणि मामा ही दोन नाती एकाच माणसात कोंबली, तर जोडायचे एक घर कमी होते. आपल्याकडे नेमके उलट म्हणतात: मुलगी घरातच राहिली, जमीन बाहेर गेली नाही, लेकीला सासुरवास नाही. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण आजच्या लेखाचा विषय तिसराच आहे, तो रक्ताचा.

डॉक्टर सांगतात की आपल्यापैकी प्रत्येकाच्या जनुकांत काही दोष झाकलेले असतात. जनुकांची जोडी असते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. जोडीतील एक चांगले असले की अनेक आजारांत दुसऱ्याचा दोष झाकला जातो आणि माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. दोन वाहकांची गाठ पडली तरच प्रश्न उभा राहतो. मामेबहीण आणि आतेभाऊ यांच्यात साधारण आठवा हिस्सा जनुके एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात, म्हणून तोच झाकलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. कोणत्याही जोडप्याच्या शंभर मुलांत दोन-तीन मुले काही गंभीर दोष घेऊन जन्मतात. चुलत-मामे भावंडांच्या लग्नात हा आकडा साधारण दुप्पट होतो. याचा अर्थ बहुतेक मुले निरोगीच असतात. आमच्या आजोबांनी मामाचीच मुलगी केली, काय झाले, असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. पण घराण्यात एखादा आजार आधीच असेल तर हा सरसकट हिशेब कामाला येत नाही. तेथे त्या घराचाच हिशेब मांडावा लागतो.

तो मांडण्याच्या कामाला जनुकीय समुपदेशन म्हणतात. बहुतेकांना वाटते की ही एखादी तपासणी आहे. खरे तर ते एक संभाषण आहे. समुपदेशक कागद घेऊन तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतो आणि साधे प्रश्न विचारतो. कोण कशाने गेले? कोणाला वारंवार रक्त भरावे लागते? कोणी जन्मतः बहिरे आहे का? किती मुले लहानपणीच गेली? या शेवटच्या प्रश्नाशी आपली घरे अडखळतात. "एक होता, लहानपणीच गेला," असे म्हणून आजी पदर तोंडाला लावते आणि विषय संपतो. पण त्या गेलेल्या बाळाची हकिकत वीस वर्षांनी त्याच्या पुतणीच्या उपयोगी पडू शकते. मग गरज असेल त्याच तपासण्या सांगितल्या जातात, त्यांचे उत्तर समजावले जाते आणि पुढे कोणकोणते मार्ग आहेत ते मांडले जाते. निर्णय समुपदेशक घेत नाही. जोडप्याने घ्यायचा असतो.

आपल्या जिल्ह्यात या विषयाचे नाव सिकलसेल आहे. पेठ, सुरगाणा, कळवण भागातून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला येऊन स्थिरावलेली घरे आपल्या शहरात आहेत. त्यांना हा शब्द नवा नाही. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल हाडे दुखतात म्हणून रात्रभर रडते. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत आणि विदर्भात सरकारचे काम बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्यांना कार्ड दिले जाते. लग्न ठरवताना मुलाने आणि मुलीने आपापली कार्डे ताडून पाहावीत, ही त्यामागची कल्पना.

येथे हिशेब नीट समजून घ्या, कारण चूक येथेच होते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळे असण्याची चारात एक. "पहिले आजारी झाले, आता पुढची तीन सुटली," असे लोक धरून चालतात. तसे नाही. प्रत्येक वेळी नाणी नव्याने उडवली जातात. उलट दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखा कोणताही दोष नसेल, तर मुलांना आजार होत नाही. मुलगी वाहक आहे एवढ्यावरून जमलेली सोयरीक मोडणे म्हणजे निव्वळ अज्ञान. आणि ज्याला आपण "खराब रक्त" म्हणतो त्या वाहकांना मलेरियाच्या घातक तापापासून संरक्षण मिळते. डासांनी भरलेल्या रानात ज्या पूर्वजांमुळे कुळे टिकली, त्यांचाच हा वारसा आहे.

मटारच्या रोपांवर प्रयोग करून वारशाचे हे नियम पहिल्यांदा शोधले ते ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते. ब्रनो येथील मठाच्या बागेत त्यांनी रोपे लावली आणि १८६५ मध्ये निष्कर्ष वाचून दाखवले. त्यांच्या हयातीत फारसे कोणी लक्ष दिले नाही. विज्ञान आणि वेदी यांचे वैर आहे असे म्हणणाऱ्यांना मी मेंडेलचे नाव सांगतो.

आता खरा प्रश्न. असे तपासणे म्हणजे देवावर अविश्वास नाही का? एका आईने मला अगदी या शब्दांत विचारले: "देव देईल ते मूल आपले. मग आधी तपासायचे कशाला?" या वाक्याचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. दुसरा भाग त्यातून निघत नाही. जे मूल आपल्या पदरी आले ते स्वीकारायचे, यात अटी नाहीत. पण मूल अजून अस्तित्वात नाही, लग्नही झालेले नाही, तेव्हा डोळे मिटून घेणे याला श्रद्धा म्हणत नाहीत. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की रामकुंडावर उतरण्याआधी आपण पाणी बघतो. त्यात देवाचा अपमान होत नाही. ख्रिस्तसभा जबाबदार पालकत्व शिकवते तेव्हा शरीराची परिस्थिती विचारात घ्यायला सांगते. १९६८ च्या "हुमानाए वीताए" या परिपत्रकात हे स्पष्ट आहे.

मात्र दुसऱ्या बाजूलाही एक खड्डा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक देशांनी "निकृष्ट" ठरवलेल्या लोकांना लग्नाची बंदी केली, सक्तीने नसबंदी केली. १९३० मध्ये परमगुरुस्वामी पायस अकरावे यांनी याविरुद्ध लिहिले: निरोगी संततीसाठी सल्ला जरूर द्यावा, पण सरकारने कोणाचा विवाहाचा हक्क काढून घेऊ नये. "जेनेटिक काउन्सेलिंग" हा शब्दही या काळ्या इतिहासापासून दूर राहण्यासाठीच आला. अमेरिकेतील मिनेसोटाच्या शेल्डन रीड यांनी तो १९४७ मध्ये वापरला, आणि हे एक प्रकारचे समाजकार्य आहे अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबर १९५८ मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, परमगुरुस्वामी पायस बारावे रक्तविज्ञानाच्या डॉक्टरांपुढे याच विषयावर बोलले. इटलीत तेव्हा थॅलेसेमियाचा प्रश्न मोठा होता. लग्नाआधी तपासणीचा सल्ला द्यावा, धोका असेल तर लग्नापासून परावृत्तही करावे, परंतु मनाई करू नये, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. सल्ला आणि मनाई यांतील हे अंतर मला फार मोलाचे वाटते. एवढ्या अंतरातच माणसाची सदसद्विवेकबुद्धी उभी राहू शकते.

मग माहीत असलेली गोष्ट जोडीदाराला सांगायची की नाही? माझे उत्तर स्पष्ट आहे: सांगायची, आणि साखरपुड्याआधी. वाहक असणे हा दोष नाही, लाजेची बाब तर नाहीच. पण जी माहिती दोघांच्या भावी मुलांशी संबंधित आहे ती एकट्याची उरत नाही. कॅनन लॉचे १०९८ वे कलम येथे आठवावे. वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटू शकेल अशा एखाद्या गुणाबाबत संमती मिळवण्यासाठी मुद्दाम फसवणूक केली, तर तो विवाह अवैध ठरतो. प्रत्येक लपवलेले कार्ड या कलमात बसेल असे नाही, ते धर्मन्यायालयाने ठरवायचे. तरी कार्ड कपाटात दडवून वेदीपुढे "होय" म्हणणाऱ्याने स्वतःला विचारावे की आपण नेमके काय देत आहोत. आणि ज्याला हे सांगितले जाते त्यानेही ते पोटात ठेवावे. ते मावशीला, शेजारणीला, मध्यस्थाला कळवण्याचे कारण नाही. मोडलेल्या सोयरिकीनंतर मुलीचे रक्त गावभर चर्चेला जाते, हा अन्याय मी पाहिला आहे.

मूल आजारी जन्मले की बोट सुनेकडेच जाते. सिकलसेल आणि थॅलेसेमियामध्ये हे विज्ञानाच्याही विरुद्ध आहे, कारण दोष दोन्हीकडून आल्याशिवाय आजार होतच नाही. आणि ते सुवार्तेच्याही विरुद्ध आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय घरी सासूसुनांनी एकत्र वाचावा.

सर्वांत कठीण जागा गरोदरपणाची आहे. सोनोग्राफी केंद्रात "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा फलक तुम्ही पाहिला असेल. पोटातील बाळाचे आजार ओळखण्यासाठी आलेले तंत्र मुली मारण्यासाठी वापरले गेले, म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. सायप्रसमध्ये तेथील ऑर्थोडॉक्स चर्चने १९८३ पासून लग्नाआधी थॅलेसेमियाच्या तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखल्यांमुळे फारशी लग्ने मोडली नाहीत. आजारी मुले जन्मणे जवळजवळ थांबले, पण मुख्यतः गर्भ काढून टाकल्यामुळे. हे सत्य मी तुमच्यापासून लपवणार नाही. गर्भातील तपासणी बाळाची काळजी घेण्यासाठी असेल तर ख्रिस्तसभेचा तिला विरोध नाही. बाळंतपण कोठे करायचे, जन्मल्याबरोबर कोणते उपचार सुरू करायचे, हे आधी कळणे चांगलेच. पण आजार निघाला तर बाळ नको, असे ठरवून केलेली तपासणी आपल्याला मान्य नाही. डाउन सिंड्रोमचे जनुकीय कारण १९५९ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्यांत डॉ. जेरोम लेजेन होते. आपला शोध त्याच मुलांना गर्भात शोधून संपवण्यासाठी वापरला जातो, याचे त्यांना आयुष्यभर दुःख झाले.

म्हणूनच मी लग्नाआधीच्या वेळेवर एवढा भर देतो. तेव्हा कोणाचाही जीव पणाला लागलेला नसतो आणि सगळ्या वाटा मोकळ्या असतात. दोघे वाहक निघाले तर ते एकमेकांना मोकळे करू शकतात. किंवा जाणूनबुजून लग्न करू शकतात, आणि येईल त्या मुलाला पहिल्या दिवसापासून लस, औषधे व देखरेख मिळेल याची तयारी ठेवू शकतात. आज सिकलसेलची मुले योग्य उपचारांनी मोठी होतात, शिकतात. कोणी मूल दत्तक घेईल. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा हे धर्मगुरू तुम्हाला सांगणार नाही. तो तुमच्यासोबत प्रार्थनेला बसेल.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. थॅलेसेमियाचा संशय साध्या रक्ततपासणीतही येऊ शकतो, पण लोह कमी असले तरी अहवाल तसाच दिसतो. म्हणून घाबरून न जाता डॉक्टर सांगतील ती पुढची तपासणी करावी. गुंतागुंतीच्या बाबतीत मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. मामाच्या घरात सोयरीक जुळत असेल, किंवा दोन्हीपैकी एका घरात रक्ताचा आजार असेल, तर कृपया हॉल आणि तारीख ठरवण्याआधी मला येऊन भेटा. सवलतीचा अर्ज महागुरुस्वामींकडे पाठवायला फार वेळ लागत नाही. अहवाल यायला आणि दोघांनी तो शांतपणे समजून घ्यायला मात्र लागतो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू