बापाचा अपराध कोणता ?

परभणी आणि पूर्णा यांच्यामध्यें पिंगळी नांवाचें एक लहानसें स्थानक आहे. त्या स्थानकाच्या फलाटावर २००३ सालच्या मृगांत मी एका मनुष्यास एक वाक्य बोललों. तें वाक्य मला आजवर गिळतां आलें नाहीं आणि परतहि घेतां आलें नाहीं. म्हणून त्यांतून निघालेला प्रश्न वाचकांपुढें मांडीत आहें. प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, परंतु तो मला ग्रंथांत भेटला नाहीं, फलाटावर भेटला, एवढें आरंभींच सांगितलेलें बरें.

मनुष्य आमच्याच गांवचा, अडीच एकर कोरडवाहू जमिनीचा धनी. त्याच्या सहा वर्षांच्या मुलास आधीं ताप येऊं लागला, मग हिरड्यांतून रक्त, मग अंगावर निळेजांभळे डाग. परभणीच्या डॉक्टरांनीं रक्त तपासून त्यास मुंबईची वाट दाखविली. रात्रीची गाडी धरून, मनमाडवरून सुमारें साडेपांचशें किलोमीटरांचा प्रवास करून, नवराबायको मुलास घेऊन गेलीं. घरीं म्हातारी आई आणि दोन मुली राहिल्या. तीन महिन्यांनीं तो मुलाला खांद्यावर घेऊन परत आला. मुलाच्या डोक्यावर केंस नव्हते, परंतु ताप गेला होता आणि तोंडावर थोडा टवटवीतपणा आला होता. उपचार मात्र जवळजवळ तीन वर्षांचे होते आणि त्यांतले तीनच महिने पुरे झाले होते. हें समजतांच मी त्यास म्हणालों, “पोटच्या पोरापेक्षां पेरणी मोठी झाली काय रे तुला ?”

त्यानें मुलास खालीं उतरविलें. मग माझ्याकडे न पाहतां तो म्हणाला, “गुरुजी, तिथं आम्ही तिघं रस्त्याच्या कडंला निजत होतो. इथं दोघी पोरी म्हातारीच्या जिवावर. मी कुणाचा बाप होऊ, ते तुम्हीच सांगा.”

मीं कांहीं सांगितलें नाहीं. दिवाळीच्या आंत मुलगा गेला.

गांवाचा निकाल तेव्हांच लागला होता : बापानें उपचार सोडले. या ‘सोडले’ क्रियापदाचा खरा कर्ता कोण, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या रोगावर औषध नव्हतें तेव्हां हा प्रश्नहि नव्हता. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ सालीं विलायतेंत रक्ताच्या कर्करोगानेंच वारल्या. पतीच्या पदरीं अमाप धन होतें, परंतु त्या धनाला विकत घेतां येईल असें जगाच्या बाजारांत कांहींच नव्हतें. पुढें त्यांच्या विश्वस्त निधींतून परळचें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें. त्यानंतर सात वर्षांनीं, १९४८ सालीं, बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं अमिनॉप्टेरिन नांवाचें द्रव्य देऊन कांहीं मुलांचा हा रोग कांहीं काळ मागें हटविल्याचें प्रसिद्ध केलें. तें द्रव्य ज्यांच्या देखरेखीखालीं तयार झालें ते यल्लाप्रगड सुब्बाराव आपल्या आंध्रांतले. ते त्याच वर्षीं ऑगस्टांत वारले. तो विजय क्षणिक होता, मुलें पुन्हां आजारी पडलीं. परंतु वाट सांपडली होती. आज मुलांत सर्वांत अधिक आढळणारा जो रक्ताचा कर्करोग, त्यांतून नीट आणि पुरे उपचार मिळाल्यास बहुतेक मुलें वांचूं शकतात. औषध आलें आणि त्याच्या पाठोपाठ अपराधहि आला. दोराबजींना कोणी ‘पत्नीस सोडलें’ असें म्हणूं शकत नव्हतें. पिंगळीच्या शेतकऱ्यास म्हणतां आलें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं बालकर्करोगासाठीं एक मोहीम आरंभिली आणि २०३० पर्यंत जगांतील अशा मुलांपैकीं निदान शेंकडा साठ तरी वांचावींत असें ध्येय ठरविलें. तिच्याच सांगण्याप्रमाणें श्रीमंत देशांत शेंकडा ऐशींहून अधिक मुलें बरीं होतात, गरीब आणि मध्यम स्थितीच्या देशांत तीसांहूनहि कमी. औषध एकच असतां एवढा फरक कां पडावा ? निदानास विलंब होतो, औषधें वेळेवर मिळत नाहींत, हीं कारणें आहेतच. परंतु उपचार अर्ध्यावर सुटणें हें त्यांतलें एक मोठें कारण आहे. चार आठवडे किंवा अधिक काळ उपचार खंडित झाला म्हणजे वैद्यांच्या वहींत ‘सोडला’ अशी नोंद होते. म्हणजे तेथेंहि तेंच क्रियापद.

आतां हे उपचार कसे असतात तें पाहूं. पहिले कांहीं महिने मुलास रुग्णालयाच्या जवळपास राहावें लागतें. रोज प्रवेश मिळत नाहीं; बहुतेक दिवस सकाळीं सुई टोचून घेऊन दुपारीं बाहेर पडावयाचें, आणि ज्याचें मुंबईंत कोणी नाहीं त्यानें ‘बाहेर’ म्हणजे कोठें जावें हा प्रश्न औषधपत्रावर लिहिलेला नसतो. औषधानें रोगाबरोबर रक्तांतील रक्षक पेशीहि मरतात. अशा दिवसांत अशुद्ध पाण्याचा एक पेला किंवा शेजारच्याचा खोकला मुलाच्या जिवावर बेततो. तेव्हां स्वच्छ खोली, उकळलेलें पाणी आणि ताजें अन्न हीं सुखसोयींत मोडत नाहींत. तीं उपचाराचाच भाग आहेत. परंतु औषध देणारा दाता पुष्कळदां म्हणतो, औषध माझें, खोली तुमची. आणि बाप कामावर नसल्यामुळें त्याची मजुरी त्याच दिवशीं बंद झालेली असते.

महाभारताच्या आदिपर्वांत बकासुराची कथा आहे. लहानपणीं ती आपण भीमाच्या गाडाभर अन्नासाठीं ऐकतों, आणि त्या गडबडींत तिच्यांतला एक प्रसंग विसरून जातों. एकचक्रा नगरींत ज्या ब्राह्मणाच्या घरीं पांडव उतरलेले असतात, त्या घरावर राक्षसाकडे माणूस धाडण्याची पाळी येते. ब्राह्मण म्हणतो, मी जातों. बायको म्हणते, तुम्ही गेलांत तर हीं मुलें कोण सांभाळील, मी जातें. मुलगी म्हणते, मला तरी एक दिवस दुसऱ्याच्या घरीं द्यावयाचीच आहे, मला धाडा. बोबडें बोलणारा लहान मुलगा हातांत गवताची काडी घेऊन सांगतो कीं हिनें मी राक्षसाला मारतों, आणि त्या दुःखांतहि सगळ्यांस हसूं येतें. चौघांपैकीं कोणीं जावें, याचा निवाडा व्यासांनीं केलेला नाहीं. तो होण्यासारखाच नाहीं. कोणीहि गेलें तरी अन्यायच होणार, कारण अन्याय त्या घरांत नसून ज्या व्यवस्थेनें घराघरावर पाळी लावली तिच्यांत आहे.

भिंतीपलीकडे कुंती हें रडणें ऐकते. ती ब्राह्मणास कर्तव्य समजावून देत नाहीं, त्याचें पत्नीप्रेम मोठें कीं अपत्यप्रेम मोठें हेंहि तपाशीत नाहीं. ती आंत जाते आणि सांगते कीं मला पांच मुलगे आहेत, त्यांतला एक जाईल. भीमासारखा मुलगा असल्यावर असें म्हणणें सोपें, असें कोणी म्हणेल. परंतु युधिष्ठिराला तें साहसच वाटलें होतें. मला महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. निवड कशी करावी हें कुंतीनें सांगितलें नाहीं. निवड करण्याची पाळीच तिनें त्या घरावरून उचलली. पिंगळीच्या फलाटावर मी ब्राह्मणास उपदेश करीत होतों, आणि भिंतीपलीकडची जागा रिकामी होती.

येथें एका आक्षेपाचा विचार केल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. लहान मुलांचा कर्करोग हा विरळा रोग. एका मुलावर तीन वर्षें होणाऱ्या खर्चांत किती मुलांना दूध आणि किती बाळंतिणींना सकस अन्न मिळेल, असें विचारणारा मनुष्य निर्दय नसतो. तो हिशेबी असतो, आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब झालाच पाहिजे. परंतु हिशेब करावयाचा तर पुरा करावा. आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवच्या जन आरोग्य योजनेंतून ठराविक मर्यादेपर्यंत कर्करोगाच्या उपचारांचा खर्च सरकार उचलतें. रेल्वेच्या शयनयानांत या रोग्यास भाडें पडत नाहीं, सोबत्यास पाऊण भाडें माफ आहे. २०१२ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, शासकीय कर्करोग रुग्णालय निघालें आणि मराठवाड्यांतल्या कांहीं रोग्यांची वाट तरी निम्म्यानें जवळ झाली. महागडा भाग समाजानें पुष्कळसा उचललेलाच आहे. उरतो तो निवारा, शिधा, घरच्यांचा सांभाळ. एवढ्यासाठीं मूल अर्ध्यावरून परत येत असेल तर पैसा वांचला कोठें ? दिलेला तेवढा वायां गेला. शंभर हात विहीर खणून पोहऱ्याला दोर ठेवला नाहीं, त्या खणणाऱ्यास कोणी काटकसरी म्हणत नाहीं.

आणि क्रियापदाच्या कर्त्याचा शोध याच ठिकाणीं लागतो. परळच्या रुग्णालयानें आपल्या मुलांच्या विभागांत औषधाच्या जोडीस निवारा, आहार, पैसा आणि कुटुंबाचें सुखदुःख विचारणारे समाजसेवक यांची व्यवस्था लावली, तेव्हां उपचार सोडून जाणाऱ्यांचें प्रमाण थोड्याच वर्षांत कित्येक पटींनीं उतरलें. बाप तेच होते, त्याच खेड्यांतून त्याच गाड्यांनीं येणारे. तेवढ्या वर्षांत महाराष्ट्रांतील, बिहारांतील आणि बंगालांतील बापांचें वात्सल्य एकाएकीं वाढलें असेल असें मला वाटत नाहीं.

साह्य करावें हें ठरलें तरी तें कसें करावें, हा प्रश्न राहतोच, आणि माझ्या मतें तो कमी महत्त्वाचा नाहीं. २००६ सालीं श्यामा व निहाल कविरत्ने या दांपत्यानें मुंबईंत सेंट ज्यूड या नांवानें बाहेरगांवच्या कर्करोगी मुलांच्या कुटुंबांसाठीं विनामूल्य निवारा काढला. आज निरनिराळ्या शहरांत त्याचीं केंद्रें आहेत. तेथें प्रत्येक कुटुंबास स्वतःची जागा मिळते, शिधा मिळतो, रुग्णालयांत नेण्याआणण्याची सोय होते, मुलांचा अभ्यास चालतो. आणि सामाईक स्वयंपाकघरांत प्रत्येक आईची चूल वेगळी असते. या सगळ्यांत ती वेगळी चूल मला मोलाची वाटते. आयत्या ताटानें पोट भरतें, परंतु महिनोन्‌महिने आयतें ताट मिळालें म्हणजे आई आपल्याच मुलाजवळ पाहुणी होऊन बसते. आपल्या हातची भाकर त्यानें अर्धी खाल्ली कीं पाऊण खाल्ली, हें मोजण्याचा तिचा अधिकार त्या चुलीनें परत दिला आहे.

दादरला गाडगे महाराजांच्या नांवची धर्मशाळा आहे. परळला येणारे रोगी आणि त्यांचीं माणसें तेथें उतरतात. महाराज १९५६ सालीं गेले. ‘धर्मशाळा’ या जुन्या शब्दांतला अर्थ त्यांना जितका कळला होता तितका आपणां शिकलेल्यांस कळलेला नाहीं. धर्मशाळा वाटसरूची योग्यता पाहत नाहीं, त्याची कहाणी ऐकल्यावांचून दार उघडीत नाहीं असेंहि नाहीं. तो वाटेवर आहे एवढें तिला पुरतें, आणि सकाळीं जागा झाडून जा एवढेंच ती मागते. उलट आज कित्येक बापांना साह्यासाठीं मुलाचें टक्कल केलेलें छायाचित्र भ्रमणध्वनीवरून अनोळखी माणसांस दाखवावें लागतें, आणि ज्याचें मूल अधिक गोंडस किंवा ज्याची कहाणी अधिक करुण त्याची झोळी आधीं भरते. देणारा यांत दुष्ट नसतो. परंतु दुःखाची अशी चढाओढ लावणें हेंहि एक प्रकारें घराघरावर पाळी लावणेंच आहे.

शिवाय सगळींच मुलें बरीं होत नाहींत. पुढें उपाय नाहीं असें वैद्यच सांगतात आणि बाप मुलास घरीं आणतो, तेव्हां त्यानें कांहीं सोडलेलें नसतें. त्या घरासहि भाडें, अन्न आणि जवळ बसणारें माणूस लागतें. मूल वांचेल या अटीवर दिलेलें साह्य मी साह्य म्हणणार नाहीं.

परंतु परळास खोली मिळाली तरी पिंगळीचें अर्धें काम उरतेंच. मुंबईच्या दात्याला दोन मुली दिसत नाहींत, त्या आपल्यालाच दिसतात. भावाच्या आजारांत ज्यांच्याकडे पाहावयास कोणास सवड नसते, ज्यांची शाळा सुटते, ज्यांना आई कधीं येणार हें कोणी नीट सांगत नाहीं, त्या घरीं राहिलेल्या भावंडांविषयीं मीं कोठें फारसें लिहिलेलें वाचलें नाहीं.

आमच्याकडे पूर्वीं इर्जिकीची चाल होती. एखाद्याचें रान अडलें म्हणजे गांवांतल्या औतांनीं एक दिवस त्याच्या शेतांत उतरावें, मजुरी घेऊं नये, त्यानें घालावयाचें तें जेवण जेवून घरीं जावें. २००३ पर्यंत ती चाल मोडत आली होती, परंतु बैल होते, औतें होतीं, आणि अडीच एकर हें चार औतांस फारसें जड काम नव्हतें. दोन मुलींना संध्याकाळीं माझ्या घरीं जेवावयास बसविणें त्याहून हलकें होतें. त्या शेतकऱ्याचें रान शाळेच्या वाटेलाच लागून आहे. तो मुंबईस होता त्या तीन महिन्यांत मी रोज त्या वाटेनें गेलों आलों. नांगरट न झालेली जमीन मला दिसत होती. “याचें यंदा कांहीं खरें नाहीं” असें मी बरोबरच्या माणसास एकदां म्हणालोंहि होतों.