नाक खाली

स्टॉल म्हटलं की आपल्याला दौंड स्टेशनावरचा चहा-वडापावचा स्टॉल आठवतो. विमानवाल्यांचा स्टॉल वेगळा. गॅरेजवाल्यांचाही तो नव्हे. चढावर गाडी बंद पडली की मिस्त्री म्हणतो, स्टॉल झाली. विमानाच्या स्टॉलमध्ये इंजिन ठणठणीत चालू असू शकतं. काम सोडतो तो पंख.

दोस्तांनो, हे आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा सवाल त्यावर उभा आहे. शिरूरहून पुण्याकडं निघालेल्या एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढा. कंडक्टर ओरडेल, ओरडू द्या. तळवा आडवा धरला तर वारा नुसता कापला जातो. अंगठ्याची बाजू जरा उचलली की हात आपोआप वर जातो. अजून उचलली, अजून वर. वाटतं, असाच उचलत राहिलो तर वरच वर जाईल. तसं होत नाही. एका हद्दीपलीकडं हात वर जायचं सोडतो आणि मागं फेकला जातो. पंखाचंही असंच. त्याच्या पाठीवरून हवा चिकटून वाहते तोवर तो विमान उचलून धरतो. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढं गेला की पाठीवरची हवा सुटते, भोवरे खाते, आणि उचल ढासळते. वेग कमी झाला म्हणून स्टॉल होतो असं लोक म्हणतात, ते अर्धं खरं. स्टॉल कोनाचा असतो. ६० अंश कलून उंची न सोडता वळण घेतलं तर पंखाला दुप्पट वजन पेलावं लागतं, आणि एरवी जितक्या वेगाला स्टॉल व्हायचा त्याच्या १.४ पट वेगालाच होतो. म्हणजे जोरात असतानाही पडता येतं.

दौंड-इंदापूरच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ही छोटी विमानं नवीन नाहीत. बारामतीच्या विमानतळावर कार्व्हर एव्हिएशनसारख्या संस्थांनी किती वर्षं मुलामुलींना उडायला शिकवलं. दोन माणसांची सेस्ना १५२, एक इंजिन, वर पंख. उसाला पाणी देणारा माणूस मान वर करून बघतो आणि परत दारं धरायला लागतो. घरघर मध्येच मंदावते, विमान जागच्या जागी अडखळल्यागत होतं, नाक पडतं, मग पुन्हा घरघर वाढते. खालच्याला वाटतं काही बिघडलं. बिघडलेलं नसतं. वर कुणीतरी मुद्दाम पडतंय.

मुद्दाम पडायची रीत ठरलेली आहे. आधी उंची घ्यायची, जमिनीपासून तीनेक हजार फूट तरी. सुट्या वस्तू आवरायच्या, पट्टे आवळायचे, इंजिनाचे काटे बघायचे. खाली गाव नको. मग दोन्हीकडं वळून आभाळ मोकळं आहे का ते पाहायचं. इंजिन मंद करायचं आणि उंची सोडायची नाही म्हणून दांडा हळूहळू मागं ओढत राहायचं. नाक वर, वेग कमी. हातातलं विमान ढिलं लागतं, सैल झालेल्या सायकलच्या हँडलसारखं. मग भोंगा वाजतो. सेस्नाच्या डाव्या पंखाच्या धारेवर एक छोटं भोक असतं, आत बाजाच्या पेटीत असते तसली पातळ पट्टी. पंख हद्दीजवळ आला की त्या भोकापाशी हवा ओढली जाते आणि पट्टी रडते. वीज नाही, काही नाही, हवाच वाजवते. त्यानंतर विमान थरथरतं. मग नाक खाली पडतं, एखादा पंखही पडतो.

आता करायचं काय? दांडा पुढं. म्हणजे ज्या नाकाला जमीन दिसायला लागलीय ते नाक आपण होऊन खाली घालायचं. कोन उतरला की हवा पंखाला पुन्हा धरते. इंजिन पूर्ण सोडायचं, पडलेला पंख पायाच्या पट्टीनं आवरायचा, आणि वेग आल्यावर हळू वर. शे-दोनशे फूट जातात, नवख्याचे जास्त. एवढंच. लिहायला पाच ओळी लागल्या, शाळेतल्या पोरालाही पाठ होतील.

आणि इथं माझा सवाल आहे. ज्याला या पाच ओळी पाठ आहेत त्याला ‘माहीत आहे’ असं म्हणायचं का?

कारण माणसाचं अंग उलटं सांगतं. पडतोय, तर ओढ. अंगाला एवढंच कळतं, आणि जमिनीवर ते बरोबरही असतं. झाडावरून घसरणारा फांदी आवळतो, विहिरीत पाय निसटलेला दोर आवळतो. लाखो वर्षं आवळणारेच जगले, आपण त्यांचीच पोरं. आभाळात मात्र तीच गोष्ट मारते. ओढल्यानं कोन वाढतो, कोन वाढल्यानं पडणं वाढतं, पडणं वाढलं म्हणून आणखी ओढ. माणूस आपल्याच दोन हातांनी आपल्याला खाली नेत असतो आणि त्याला वाटत असतं, मी वाचवतोय.

जर्मनीतला ओटो लिलिएन्थाल हजारो वेळा टेकड्यांवरून ग्लायडर घेऊन उडाला. ९ ऑगस्ट १८९६ ला त्याचं ग्लायडर हवेत थबकलं, तो वरून आदळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हा या पडण्याला नीट शास्त्रही नव्हतं. पुढं विमानं आली, आणि स्टॉल होऊन एक पंख आधी पडला की विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली यायचं. त्यातून वाचून सांगायला सहसा कुणी उरत नसे. २५ ऑगस्ट १९१२ ला इंग्लंडात लारखिलला विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलाचा अधिकारी असाच फिरत खाली आला. त्यानं दांडा मागं ओढून पाहिला, वळणाच्या दिशेला पाय मारून पाहिला, सगळं उलटं पडलं. जमीन अगदी पन्नासेक फुटांवर असताना त्यानं उलट्या बाजूचा पाय मारला, आणि विमान सावरलं. उतरल्या उतरल्या त्यानं काय काय केलं ते जाणकारांना सांगितलं. मला त्याचं सावरण्यापेक्षा हे सांगणं मोठं वाटतं. चार महिन्यांच्या आत दुसऱ्याच एका अपघातात तो मेला. पण सांगून गेला होता.

म्हणजे १९१२ नंतर मरणाऱ्यांना अज्ञानाची सबब हळूहळू उरली नाही. शास्त्र झालं, पुस्तकं झाली, भोंगे लागले. तरी?

१२ फेब्रुवारी २००९. अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान उतरायला निघालं होतं. वेग घटला, दांडा हातात थडथडायला लागला. मोठ्या विमानात इशारा असा मिळतो. कप्तानानं ओढला. यंत्रानं स्वतः दांडा पुढं ढकलला, तरी त्यानं यंत्राच्या विरुद्ध ओढला. विमानातली ४९ माणसं आणि खालच्या घरातला १, पन्नास गेले. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्सचं विमान रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं तुंबल्या, काटे खोटे बोलायला लागले, स्वयंचलित यंत्रणा सुटली. ज्याच्या हातात विमान होतं त्यानं नाक वर ओढलं. स्टॉलचा इशारा सलग ५४ सेकंद ओरडत होता. सुमारे ३८,००० फुटांवरून विमान पोटावर बसल्यासारखं खाली आलं, साडेतीन मिनिटांच्या आसपास. इंजिनं चालू होती. २२८ माणसं.

यांना पाच ओळी पाठ नव्हत्या? होत्याच. परवाने होते. मग यांना दोषी धरायचं का? पेपर वाचून चहा पिता पिता ‘एवढं साधं कळलं नाही?’ म्हणणारे आपल्यातही निघतील. त्यांना माझं सांगणं, उद्या झोपेत खाटेवरून पडताना चादर न आवळता दाखवा.

दोष हातात शोधायचा नसतो. त्या तीन सेकंदांत हात विचारायला येत नाही. सूतगिरणीत साच्यावर धागा तुटला की जुन्या कामगाराचं बोट आधी जातं, डोकं मागून पोचतं. नव्याचं डोकं आधी जातं आणि बोट पोचतच नाही. तर मग निवड कधी झाली? धागा तुटला तेव्हा नाही. ती आधीच, रोजच्या पाळीत, कंटाळवाण्या दिवसांत होऊन गेलेली असते. वैमानिकाचंही तसं. भीतीच्या क्षणी तो काय करेल हे त्यानं, आणि त्याला शिकवणाऱ्यांनी, कधीतरी निवांत आभाळात ठरवून टाकलेलं असतं. किंवा ठरवायचं राहून गेलेलं असतं.

आणि शिकवणाऱ्यांनी काय ठरवलं होतं ते बघा. बरीच वर्षं मोठ्या विमानांच्या वैमानिकांचा सराव असा घेत की, स्टॉलचा इशारा झाला की इंजिन पूर्ण सोड आणि उंची कमीत कमी घालव. उंची गमावली तर परीक्षक नापास करी. पूर्ण स्टॉल सहसा देतच नसत. इशारा वाजला की सराव संपला. म्हणजे माणसाला वर्षानुवर्षं शिकवलं काय, तर काही गमवायचं नाही. नाक पडू द्यायचं नाही. अंगाला आधीच जे करायचं होतं त्यावर परीक्षेनं शिक्का मारला! एअर फ्रान्सच्या चौकशीतही आलं की त्या वैमानिकांना एवढ्या उंचीवर हातानं विमान चालवायचा सराव मिळालेला नव्हता. मग अमेरिकेच्या विमान खात्यानं २०१२ मध्ये सांगितलं, आधी कोन उतरवा, उंची जाते ती जाऊ द्या. उंचीचे गुण मोजणं बंद. २०१३ मध्ये नियम केला की प्रवासी कंपन्यांच्या वैमानिकांना नकली विमानात पूर्ण स्टॉल देऊन सराव घ्यायचा. तो २०१९ पासून लागू झाला. शेकडो माणसं गेल्यावर हे सुचलं, म्हणून राग येतो. पण सेस्नातलं विशीतलं पोर पहिल्या काही तासांत जे शिकतं तेच मोठे लोक विसरले होते, हेही खरंच.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे वाकायला शिका असं सांगतोस काय? आपल्याकडं नाक हा शब्दच मानाचा. नाक खाली गेलं म्हणजे अब्रू गेली. म्हणूनच बजावतो, हा दृष्टांत ओढून माणसांच्या व्यवहारात नेऊ नका. विमान कुणापुढं वाकत नाही. समोर मालक नाही, हवा आहे. हवेला तुमचा मान कळत नाही आणि अपमानही कळत नाही. तिथं नाक वर धरून ठेवणारा ताठ नसतो, घाबरलेला असतो. आणि दांडा पुढं देणारा घाबरलेला नसतो असंही नाही. तो घाबरलेला असूनच देतो.

पण मुद्दाम केलेल्या सरावात खरी भीती असते का? ही शंका खोटी नाही. तीन हजार फुटांवर पोराला ठाऊक असतं, आता स्टॉल येणार. शेजारी शिक्षक बसलाय. जमीन लांब आहे. खरा स्टॉल न सांगता येतो, आणि बहुतेकदा खालीच येतो: उतरायच्या शेवटच्या वळणावर, पाच-सहाशे फुटांवर, नाहीतर इंजिन गेल्यावर अजून थोडं पुढचं शेत गाठू म्हणून नाक उचलताना. तिथं खिडकीभर जमीन असते आणि तिच्याकडंच नाक घालायचं असतं. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीनं उडालेल्या एका शिकाऊ मुलीची सेस्ना इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळली. विमान मोडलं, मुलगी वाचली. शेतात धावत गेलेल्या लोकांनी जे पाहिलं ते तीन हजार फुटांवरच्या सरावात कधीच दिसत नाही. म्हणून सराव पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. सरावाशिवाय त्या मिनिटाला आपलं म्हणावं असं हातात काहीच नसतं, एवढंच म्हणतो.

उंची म्हणजे चूक करायची जागा. वैमानिकाचा व्यावसायिक परवाना आपल्याकडं २०० तासांच्या उड्डाणानंतर मिळतो, आणि त्यातला तासन्‌तास हा चुका करण्याचा असतो. पैसे मोजून, लाखांनी. परवडणाराच पडायला शिकतो. हे लिहून ठेवतो आणि पुढं जातो, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

गंमत अशी की उतरणं हासुद्धा जवळजवळ स्टॉलच. चाकं टेकायच्या आधी फूटभर वर विमान धरून ठेवतात, वेग संपवतात, आणि कितीदा भोंगा वाजत असतानाच ते बसतं. शिरूर तालुक्यात चिंचणीच्या धरणाकाठी बगळे उतरताना बघा. शेवटच्या क्षणी पंख उभे करतो, हवा सोडून देतो, आणि पाय टेकलेले असतात. त्याला कुणी शिकवलं माहीत नाही, पण लहान पिल्लं काठावर धडपडताना पाहिलीत मी.

राहता राहिला शिक्षक. सेस्नात दांडे दोन असतात. पोरानं भोंगा ऐकून ओढायला सुरुवात केली की शिक्षकाला लगेच दिसतं. तो त्याच क्षणी आपला दांडा पुढं देऊ शकतो. दिला तर विमान सावरतं आणि पोर शिकत नाही. नाही दिला तर पंख पडतो, जमीन फिरायला लागते, पोराच्या तोंडचं पाणी पळतं, आणि मग कदाचित त्याचा हात स्वतःहून सैल सुटतो. किती थांबायचं? कुठल्या पुस्तकात आकडा नाही, आणि प्रत्येक पोरागणिक तो निराळा. चांगला शिक्षक हात मांडीवर ठेवतो, मुठी उघड्या, तोंडानं काही बोलत नाही, आणि उंचीच्या काट्याकडं बघत राहतो. अठ्ठावीसशे. सत्तावीसशे. सव्वीसशे.