समुद्रावरची रेघ

पावसाळ्यात पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. सोमालियाच्या चाच्यांच्या होड्याही लहानच. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की त्यांचेही हल्ले कमी होत.

ही साधी गोष्ट अमेरिकन नौदलाच्या शास्त्रज्ञांनी संगणकात घातली. वारा, लाटा व प्रवाहांचे अंदाज आणि आधीच्या हल्ल्यांची माहिती एकत्र करून काल्पनिक चाचे संगणकातल्या समुद्रात सोडायचे आणि ते कुठवर पोहोचतील हे पाहायचे. २०११ च्या सुमारास असे धोक्याचे नकाशे वापरात आले. समुद्र अफाट, गस्तीची जहाजे मोजकी, तेव्हा यात वावगे काहीच नाही. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था पाण्याचे तापमान व हरितद्रव्य पाहून मासळी कुठे मिळेल ते कळवते, तोही अंदाजच. तो चुकला तर तांडेलाचे डिझेल फुकट जाते. माणसाविषयीचा अंदाज चुकला तर?

हल्ले पूर्वेकडे पसरू लागले, तेव्हा २०१० साली जहाज कंपन्यांच्या संघटनांनी अतिधोक्याच्या क्षेत्राची सीमा ७८ अंश रेखांशापर्यंत आणली. वसई ७३ अंशांच्याही पश्चिमेला, म्हणजे आपला सगळा किनारा त्यात आला. चाच्यांना टाळायला जहाजे भारताच्या किनाऱ्याला धरून जाऊ लागली. कित्येकांवर बंदूकधारी रक्षक असत, आणि तेच तर मच्छीमारांचे पाणी. जाळ्यावर जहाज चालून येताना दिसले की खलाशी होडी पुढे घालतो, हातवारे करतो. उंच डेकवरून पाहणाऱ्याला ती धडपड हल्ल्यासारखीच दिसायची.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २० सागरी मैलांवर 'एन्रिका लेक्सी' या इटालियन टँकरवरील नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या होडीवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार ठार झाले. चाचे वाटले, असे इटलीचे म्हणणे. आपल्याकडेही होड्यांना संतांची नावे असतात, म्हणून ते नाव वाचताना जीव चरकतो. २०२० साली आंतरराष्ट्रीय लवादाने खटल्याचा अधिकार भारताला नाकारला, पण भरपाई द्यायला सांगितले. १० कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले.

सावधगिरी चूक नव्हे. चाच्यांनी ओलीस धरलेल्यांत भारतीय खलाशीही होते, आणि मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने ३५ चाचे पकडून मुंबईत आणले ते चांगलेच झाले. पण जहाजाच्या सावधगिरीची किंमत होडीतल्या माणसाने का मोजावी? नकाशा एवढेच सांगतो की या पाण्यात चाचे येऊ शकतात. समोरची होडी कोणाची, हे त्याला ठाऊक नसते. ते डोळ्यांनी पाहायचे काम बंदूक धरणाऱ्याचेच. आणि माझ्या मते, अशी रेघ ओढताना त्या पाण्यात जाळी टाकणाऱ्यांना आधी विचारायला हवे.

भारत सरकारने हरकत घेतल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये ती रेघ ६५ अंशांवर मागे गेली. १ जानेवारी २०२३ पासून ते क्षेत्रच रद्द झाले.