तुलना कशाशी?

अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा हात यंत्राच्या मदतीने पुन्हा हलता करण्याची चाचणी उद्या डहाणू-तलासरीत घ्यायची म्हटली, तर घ्यावी का? डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, तेव्हा प्रश्न हवेतला नाही. निवृत्त शिक्षक मामा आणि त्यांची फिजिओथेरपिस्ट भाची यांच्यात तो असा चालला.

"घ्यावी, मामा. परदेशातल्या रुग्णांवरच्या पुराव्यावर आपण किती दिवस चालायचं?"

"घेणार कशी?"

"चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला यंत्र, दुसऱ्याला नेहमीचे उपचार."

"तलासरीतल्या झरी गावच्या म्हाताऱ्याला नेहमीचे उपचार म्हणजे काय मिळतं गं?"

"सुरुवातीला सलाईन-गोळ्या. घरी सोडताना दोन-चार व्यायाम सांगतात. पुढे बहुतेकदा मालिश, नाहीतर भगत."

"मग यंत्राची कुस्ती रिकाम्या आखाड्यात. जिंकणारच ते."

सगळा पेच इथेच आहे. भाचीलाही तो कळला, म्हणून तिने ब्रिटनची रॅटल्स चाचणी काढली.

"तिथे 770 रुग्णांचे तीन गट होते. एकाला यंत्र, दुसऱ्याला तितकाच वेळ थेरपिस्टने करून घेतलेला सराव, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. आठवड्यातून तीनदा 45 मिनिटं, 12 आठवडे. 2019 मध्ये निकाल आला. ठरवलेली सुधारणा यंत्राच्या गटात 44 टक्क्यांना, थेरपिस्टच्या गटात 50, नेहमीच्या गटात 42. हाताच्या बाबतीत कुणीच खात्रीने पुढे नाही. रोजची कामं मात्र थेरपिस्टच्या गटाला जरा बरी जमू लागली."

"मग यंत्र हवंच कशाला?"

"तिथे थेरपिस्ट मिळतो, म्हणून हा प्रश्न तिथे सोपा आहे. इथे माझ्यासारखी एक बाई किती पाड्यांना पुरणार? यंत्र दमत नाही. तीच हालचाल शेकडो वेळा करून घेतं. ते उपयोगी पडेलही, पण तपासल्याशिवाय कसं म्हणू? घरच्यांना व्यायाम शिकवले की भागेल, असंही आपल्याला वाटायचं. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर ते तपासलं. 2017 चा निकाल असा, की सहा महिन्यांनी दगावलेल्यांचं किंवा परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण घरच्यांना शिकवलेल्या आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या, अशा दोन्ही गटांत 47 टक्केच. तपासलं नसतं, तर सगळा भार घरच्यांवर टाकून आपण मोकळे झालो असतो."

"हे पटलं. पण संमतीचं काय?"

"वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर अंगठा. माहिती वारली बोलीत सांगायची."

"नाही म्हणणं इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. 1945 मध्ये याच झरीत वारली आदिवासींनी वेठबिगारी करणार नाही असं ठरवलं. पण उपचार म्हणून एकच दार उघडं असेल, तर आजारी माणूस नाही म्हणून जाणार कुठे?"

"म्हणून दुसऱ्या गटाला माणूस द्यायचा. तितकेच तास, शिकलेला थेरपिस्ट, जाण्या-येण्याचा खर्च, बुडालेली मजुरी. चाचणीत यायचं नसेल त्यालाही त्याच थेरपिस्टकडे जाता यावं."

"यंत्राची कंपनी म्हणेल, खर्च वाढला."

"वाढू दे. यंत्र माणसाच्या तोडीचं आहे का, हे तरी कळेल."

मामा मोजमापावर आले. हाताच्या नेहमीच्या परीक्षेत 19 कृती आणि 57 गुण असतात. ठोकळे उचलायचे, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायचं.

"भाताची आवणी करणारी बाई डाव्या हातात रोपांची मूठ धरते," मामा म्हणाले, "उजव्या अंगठ्याने दोन-तीन काड्या सुट्या करते आणि चिखलात खुपसते. हे तुमच्या 57 गुणांत कुठे बसतं?"

"चिमटीच्या गुणांत थोडं. पण वाकून, चिखलात, तासन्‌तास करणं त्यात नाही. तेही मोजायला हवं."

"आणि चाचणी संपल्यावर?"

"यंत्र नेलं तरी थेरपिस्टची जागा राहिली पाहिजे. ते आधीच लेखी हवं."

माझं मत भाचीच्या बाजूने आहे, पण मामांच्या अटींसह. असा प्रस्ताव येईल तेव्हा नीतिसमितीने आधी तुलनेच्या गटाचं पान उघडावं. तिथे नुसतं 'नेहमीचे उपचार' लिहिलेलं असेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.