प्रश्न मांडायचा कुणी?

खाडीकाठच्या गावात अडचण पाहुण्यासारखी कधीमधी येत नसे. भरतीबरोबर ती दिवसातून दोनदा दारात उभी असायची. आमची भातशेती खाऱ्या जमिनीत. तिच्या आणि खाडीच्या मध्ये काय, तर एक मातीचा बांध. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याला कुठंतरी खांड पडायची आणि खारं पाणी शेतात शिरायचं. ते एकदा मुरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं काही खरं नसे.

खांड पडली की तरणी पोरं घमेली घेऊन धावत. आमचा आजा मात्र बांधावर बसून नुसता पाण्याकडं बघायचा. "काका, माती टाकूया ना लवकर!" असं कुणी म्हटलं की म्हणायचा, "आत्ता टाकलेली पानी खाईल. भांग येऊ दे." भांग म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या सुमाराची हलकी भरती. तोवर ओहोटीला उघाडी मोकळी करून आतलं पाणी बाहेर काढायचं, पेंढा आणि चिकणमाती जमवायची, घरटी एक माणूस ठरवायचा. भांग आला की दोन्ही अंगांनी खांड बुजवत मध्ये यायचं.

अॅलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७२ साली माणूस अडचण कशी सोडवतो यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं सार थोडक्यात असं: आपण कुठं आहोत आणि कुठं पोचायचंय यातलं अंतर माणूस मोजतो, त्याचे लहान लहान तुकडे करतो आणि एखादा तुकडा अडला तर आधी तो अडसर काढतो. आमच्या बांधावर दर पावसाळ्यात हेच चालायचं.

पण खांडीचा प्रश्न तसा सरळ होता. तो सगळ्या गावाला एकच दिसायचा. पाणी आत येतंय ते थांबवायचं, यात दुमत कशाला असेल? आयुष्यातले बरेच प्रश्न असे नसतात. ते कसे दिसतात यावरच त्यांचं उत्तर ठरतं.

कार्ल डंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. माणसापुढं मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी ठेवायची. सांगायचं, मेणबत्ती भिंतीवर लावून दाखव. लोक मेणबत्तीलाच टाचण्या टोचत बसतात. उत्तर सोपं आहे. डबी रिकामी करा, ती भिंतीला टाचा, तिच्यात मेणबत्ती उभी करा. पण डबी टाचण्यांनी भरलेली असते, म्हणून ती नुसती टाचण्यांची डबी दिसते. तीच डबी रिकामी समोर ठेवली तर कितीतरी जणांना उत्तर सापडतं. वस्तू त्याच, माणसाची अक्कलही तीच, फरक फक्त मांडणीचा.

आमचा सगळा मुलूख असाच एका मांडणीतून बदलला. १९६५च्या सुमारास मुंबईपुढं प्रश्न होता, वाढती माणसं मावायची कुठं? शहर उत्तरेकडं लांबत चाललं होतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून वेगळंच सुचवलं: उत्तरेकडं कशाला, खाडी ओलांडून पूर्वेला चला. चौकटीबाहेर रेघ ओढल्याशिवाय सुटत नाही असं नऊ ठिपक्यांचं एक कोडं असतं, त्यातलीच ही हुशारी. १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावं नव्या शहराच्या हद्दीत आली.

मुंबईचा प्रश्न असा सुटू लागला. पण 'मुंबईची माणसं कुठं राहतील' या प्रश्नात आम्ही नव्हतोच. आमचा प्रश्न वेगळा होता: जमीन गेल्यावर नातवंडं उभी कुठं राहणार? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते खरं, पण कळून भागत नाही. तो प्रश्न दुसऱ्यापुढं मांडता यावा लागतो.

ते काम दि. बा. पाटील यांनी केलं. जानेवारी १९८४च्या आंदोलनात जासई आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. तोवर भांडण एकरी दराचं होतं. लढ्यातून पुढं निघालेलं साडेबारा टक्क्यांचं सूत्र निराळं होतं. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत मिळावी. 'भाव किती' याच्या जागी 'वाटा किती' हा सवाल आला. डबी रिकामी करून पाहिली ती इथं. फक्त आमच्याकडं ती रिकामी व्हायला पाच जीव जावे लागले.

आजही गावठाणाबाहेर घरवाल्यांनी वाढवलेल्या भिंतींना दोन नावं आहेत. कागदात 'अनधिकृत बांधकाम', गावात 'गरजेपोटी बांधलेलं घर'. भिंत एकच. पहिल्या नावानं पाहिलं तर उत्तर येतं, पाडा. दुसऱ्या नावानं पाहिलं तर विचारावं लागतं, पोरं वाढली, घर तेवढंच राहिलं, मग त्यांनी करायचं काय?

इथवर आम्हा गावकऱ्यांना बरं वाटतं, कारण वगळलेले आम्ही आहोत. पण मांडणीचा हा खेळ फक्त मोठी माणसंच करतात असं नाही. आमच्या आळीतल्या एका घरात भूखंडाच्या वाटणीची बैठक बसली होती. तीन भाऊ, एक भूखंड, बिल्डरकडून येणारे फ्लॅट. भागाकार झाला, थोडी घासाघीस झाली, तासाभरात सगळं जुळत आलं. बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली म्हातारी आई म्हणाली, "तीन नाय, पाच. लावणीला पोरी चिखलात उभ्या होत्या, तवा नाय कुनी त्यांची सही घेतली."

बैठक मोडली. पुढं दोन वर्षं त्या घरात वाद चालला, एका दिवाळीला भाऊबीजही झाली नाही. कायद्यानं २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय हे ठाऊक सगळ्यांना होतं, पण पत्रावर सही घेणं हीच रीत झालेली. लोक म्हणत, म्हातारीनं सोपं गणित अवघड करून ठेवलं.

मला तसं वाटत नाही. ते गणित सोपं होतं ते दोन माणसं मोजलीच नव्हती म्हणून. मानसशास्त्र सांगतं, अडलात तर प्रश्न पुन्हा मांडून पाहा. मी त्यात एक भर घालीन: उत्तर पटकन जुळलं तरीही प्रश्न पुन्हा मांडून पाहावा आणि मांडताना घरातल्या माणसांची डोकी मोजावीत. कमी भरली तर खुशाल गणित अवघड होऊ द्यावं.