तिसऱ्याचं काम

लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत, रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ काम करत. झाडं उजेडात प्राणवायू सोडतात हे कळून तेव्हा सत्तर वर्षं झाली होती. पाणी न बदलता मासे आणि पाणवनस्पती एकाच भांड्यात नांदतील का, हे वॉरिंग्टन यांना पाहायचं होतं. 1849 मध्ये त्यांनी प्रयोग मांडला.

12 गॅलनचं, म्हणजे साधारण 54 लिटरचं काचेचं भांडं त्यांनी झऱ्याच्या पाण्याने अर्धं भरलं. तळाला वाळू आणि चिखल, वर काही दगड. चिखलात व्हॅलिस्नेरियाचं रोप लावलं. फितीसारख्या लांब पानांची ही वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते आणि माशांच्या दुकानात आजही सहज मिळते. मग दोन लहान गोल्डफिश सोडले.

हिशेब चोख होता. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड रोप घेणार, रोपाने सोडलेला प्राणवायू मासे घेणार. या देवाणघेवाणीत तिसऱ्या कुणाचं काम नव्हतं.

सुरुवात छान झाली. पुढे जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढला. रोप जगत होतं, मासेही जगत होते. पण भांड्यात जे मरत होतं, ते उचलायला कुणीच नव्हतं.

पाणी ओतून, काच घासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं सोपं होतं. वॉरिंग्टन यांनी तसं केलं नाही. ही घाण तळ्यात ज्यांच्या पोटात जाते, त्या पाच-सहा गोगलगाई त्यांनी आणून भांड्यात सोडल्या. शोभेसाठी गोगलगाय कोण पाळतो? पण गोगलगाईंनी कुजकी पानं खाल्ली, काचेवरचा थर खाल्ला आणि पाणी निवळलं. त्यांनी घातलेली अंडी माशांच्या पोटात गेली. जे रोपाला आणि माशांना मिळून साधलं नव्हतं, ते तिघांना साधलं.

1850 मध्ये वॉरिंग्टन यांनी हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि काचेच्या टाक्या घराघरांत पोचू लागल्या.

मला मात्र या गोष्टीचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. वॉरिंग्टन यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, वडिलांच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकला आणि पुढे रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागला. मातीत अमोनियाचा नायट्रेट कसा होतो, याच्या मागे तो कित्येक वर्षं होता. हे काम आधी नायट्राइट, मग नायट्रेट अशा दोन टप्प्यांत होतं आणि प्रत्येक टप्प्याचे जिवाणू वेगळे असतात, हे त्याने दाखवलं. माशांच्या विष्ठेतून आणि कुजक्या पानांतून सुटणारा अमोनिया माशांना विषच असतो. वडिलांच्या भांड्यातल्या वाळू-चिखलात हे जिवाणूही राबत असणार, ते गोल्डफिश तगले त्यात त्यांचाही वाटा होता. डोळ्यांना न दिसणारे हे कामकरी वडिलांच्या हिशेबात कुठेच नव्हते.

तुम्ही घरी रोपांची टाकी लावणार असाल, तर आधी माती, वाळू आणि रोपं लावा. मासे सगळ्यांत शेवटी. जिवाणूंचं बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना अमोनिया मिळावा म्हणून या काळात माशांचं चिमूटभर खाणं पाण्यात टाकत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की थोडेच मासे सोडा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने हे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा. आणि रोपांबरोबर एखादी गोगलगाय आली, तर ती चिमट्याने उचलून फेकू नका. गोगलगाई फार वाढल्या, तर माशांना खाणं जास्त पडतंय असं समजा. तेव्हा खाणं कमी करा आणि गोगलगाईंना राहू द्या.