मोकळ्या तारांची आस

हार्प गिटार पहिल्यांदा मांडीवर घेतली तेव्हा सगळ्यांत आधी गोंधळला तो माझा डावा हात. सव्वीस वर्षं गिटार वाजवते आहे. उजव्या हातानं तार छेडायची, पण स्वर ठरवायचा तो डाव्या हातानं, ही सवय हाडीमाशी मुरलेली. समोरच्या वाद्यात नेहमीची सहा तारांची गिटार होतीच, पण तिच्या खांद्यातून एक पोकळ लाकडी बाहू निघून, वळण घेऊन थेट वरपर्यंत गेला होता. त्या बाहूच्या टोकापासून खाली घोडीपर्यंत पाच जाड तारा अधांतरी ताणलेल्या होत्या. त्यांच्याखाली दांडी नाही, पडदे नाहीत. डाव्या हाताला तिथे काही कामच नाही. एका तारेचा एकच स्वर, आणि तो वाद्य लावतानाच ठरून गेलेला.

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात राहते. वाद्यांच्या एका दुकानात गिटारच्या तारा घ्यायला गेले असताना हे वाद्य भिंतीवर दिसलं होतं. दुकानदारानं ते हातात दिलं. मी सहज अंगठ्यानं सर्वांत जाड तार छेडली. तो आवाज कानांच्या आधी पोटाला कळला, कारण वाद्याची पाठ तिथे टेकली होती. मी गप्प झाले. लहानपणी आईच्या तंबोऱ्याला पाठ लावून बसायचे, तेव्हा खर्जाची तार अशीच अंगातून जायची.

त्या दिवसापासून तीन वर्षं मी हे वाद्य शिकते आहे. या तीन वर्षांत जे उमगलं, ते गिटारच्या सव्वीस वर्षांत उमगलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिला धडा वाद्य लावण्याचा. माझ्या पाच मोकळ्या तारा मी खालून वर जी, ए, बी, सी, डी अशा लावते. गिटारची सर्वांत खालची तार ई ची, साधारण ८२ हर्ट्झची. तिथे गिटार संपते, आणि तिथून डी, सी, बी, ए असं एकेक पायरी उतरत मोकळ्या तारा जी पर्यंत, म्हणजे ४९ हर्ट्झपर्यंत जातात. तळघराचा जिना उतरावा तसं. या तारा दाबून बदलता येत नाहीत, म्हणून प्रत्येक रचनेसाठी त्या नव्यानं लावाव्या लागतात. रचनेत एफ शार्प लागणार असेल तर तो आधीच कुठल्यातरी तारेला द्यायचा. ऐनवेळी सुचलं तर उपयोग नाही. आपल्याकडे रागाप्रमाणे स्वरमंडळ लावतात, त्यातलाच हा प्रकार. वाजवायला बसण्याआधीच निम्मे निर्णय घेऊन झालेले असतात.

दुसरा धडा मला त्या तारांनीच दिला. एका रात्री खिडकीबाहेर बर्फ पडत होता, घरात चिटपाखरूही बोलत नव्हतं. मी गिटारची तिसरी तार, मोकळा जी, छेडली आणि लगेच बोटानं थांबवली. आवाज थांबायला हवा होता. थांबला नाही. बारीक, दूर गेल्यासारखा तोच स्वर घुमत राहिला. मी खालच्या जी च्या तारेवर अलगद बोट ठेवलं तेव्हा तो विझला. मी जिला हातही लावला नव्हता, ती तार गात होती.

यात जादू काही नाही. तिसऱ्या तारेची कंपनं सेकंदाला १९६, खालच्या जी ची ४९, म्हणजे बरोबर चौपट. कुठलीही ताणलेली तार सबंध लांबीनं कंप पावते, तशीच आपल्या निम्म्या, तिहाई, पाव लांबीच्या भागांतही कंप पावते. त्या भागांच्या स्वरांपैकी एखादा हवेतून किंवा लाकडातून तिच्यापर्यंत आला, की ती जागी होते. गिटारचा डी सुमारे १४७ हर्ट्झचा, म्हणजे ४९ च्या तिप्पट. तो छेडला तरी तीच तार हुंकार देते. सतार आणि सारंगीच्या तरफेच्या तारा याच नियमानं झंकारतात. सुरेल लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच खर्जाच्या तारेच्या पाचव्या अंशातून. आपले गवई तो गंधार ऐकू येतो की नाही, यावरून तंबोरा लागला की नाही ते ठरवत आले. मला तो नियम पुस्तकातून माहीत होता. बोटाखाली तो पहिल्यांदा त्या रात्री भेटला.

दुसऱ्या दिवशी पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि वाद्य दाखवलं. तिनं मोकळ्या तारा दोनदा ऐकल्या आणि म्हणाली, "अगं, हा तर तंबोराच की! या तारांना दाबायचं नसतं, सांभाळायचं असतं." तिला हार्प गिटारबद्दल काहीही ठाऊक नव्हतं, तरी वाद्याचं मर्म तिनं नेमकं पकडलं.

सांभाळणं म्हणजे काय, हे तिसऱ्या धड्यात कळलं, आणि तोच सर्वांत अवघड निघाला. सुरुवातीला मला वाटलं होतं, अंगठा चार इंच लांब नेऊन बरोबर ती तार गाठणं हेच काय ते कठीण. ते महिन्याभरात जमलं. न बघताही अंगठ्याला घर सापडू लागलं. मग मी ए मायनरवरून जी मेजरवर जाणारी एक सोपी चाल बसवायला घेतली. ए मायनरला ए ची मोकळी तार छेडली. बोटं वेळेवर जी वर पोचली, जी ची मोकळी तारही छेडली गेली. पण ए अजून मागे घुमतच होता. एकमेकाला खेटून असलेले दोन खर्जाचे स्वर एकदम वाजू लागले आणि सगळी चाल चिखलात रुतली. चूक कुठे झाली ते मला बराच वेळ सापडेना, कारण मी वाजवलेला प्रत्येक स्वर बरोबर होता. चूक होती ती न थांबवलेल्या स्वराची.

साध्या गिटारवर ही अडचण सहसा येत नाही. दाबलेल्या तारेवरून बोट उचललं की तिचा आवाज आपोआप मरतो, थांबवणं हे वाजवण्यातच आलं. मोकळी तार मात्र मी थांबवेपर्यंत थांबत नाही. पितळी वेष्टणाची लांब, जाड तार, तिची आस दहा-बारा सेकंदही टिकते. म्हणून अंगठ्याला एकाच हालचालीत दोन कामं शिकवावी लागतात: नवी तार छेडायची आणि त्याच ओघात अंगठ्याची कड जुन्या तारेला टेकवून तिला शांत करायचं. फार लवकर टेकवलं तर सूर तुटतो, फार उशिरा टेकवलं तर गढूळ होतो. सहा महिने मी रोज पंधरा मिनिटं फक्त तारा शांत करण्याचा रियाज केला. गाण्याच्या शिक्षणात स्वर लावण्याबद्दल खूप बोललं जातं. स्वर सोडायचा केव्हा, याबद्दल फार कमी. या वाद्यानं मला पक्कं शिकवलं, की आपण छेडलेल्या स्वराची जबाबदारी तो छेडून संपत नाही, ती त्याची आस मिटेपर्यंत आपल्यावर असते.

हे शिकवायला माझ्याजवळ गुरू नव्हता. गुरूविना विद्या ही आपल्या संस्कारात उणीवच मानली जाते, आणि ती मला जाणवली. या वाद्याला घराणं नाही, पण पूर्वज आहेत. त्यांचा शोध घेताना लक्षात आलं, की हे वाद्य स्वतःच एका लांबलेल्या आसेवर जगलं आहे.

जादा खर्जाच्या मोकळ्या तारा ही कल्पना जुनी. १६०० च्या आसपास इटलीत थिऑर्बो नावाच्या लांब मानेच्या ल्यूटवर अशा तारा होत्या. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात योहान गॉटफ्रीड शेर्झर या कारागिरानं जादा तारांच्या गिटारी घडवल्या. १८५६ मध्ये निकोलाय माकारोव्ह या रशियन गिटारवेड्या सरदारानं ब्रुसेल्सला स्पर्धा भरवली. त्यात वाद्याचं पहिलं बक्षीस शेर्झरला मिळालं. रचनेचं पहिलं बक्षीस योहान कास्पार मेर्ट्झ यांना मिळालं. ते स्वतः दहा तारांची गिटार वाजवत. पण निकालाआधीच त्यांचं निधन झालं होतं. पुढे १८७८ मध्ये योहान आणि योझेफ हे श्रामेल बंधू व्हिएन्नाच्या मद्यगृहांत व्हायोलिन वाजवू लागले तेव्हा त्यांच्या साथीला आंटोन श्ट्रोमायर यांची कॉन्ट्रागिटार, म्हणजे जादा खर्जाच्या तारांची गिटार, होती. त्या शहरात श्रामेल संगीतासोबत ती गिटार आजही वाजते. तिथे परंपरा तुटली नाही.

अमेरिकेत तुटली. नॉर्वेहून आलेल्या ख्रिस नट्सन यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या पोर्ट टाउनसेंडला राहून पोकळ बाहूच्या गिटारीचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं. त्या धर्तीची सर्वांत सुरेल वाद्यं विकली डब्ल्यू. जे. डायर अँड ब्रदर या पेढीनं, आणि ती पेढी होती माझ्याच सेंट पॉलमध्ये. ती वाद्यं घडवली मात्र शिकागोतल्या कार्ल आणि ऑगस्ट लार्सन या स्वीडिश भावांनी. वाद्याच्या पोटातल्या चिठ्ठीवर नाव डायरचं. लार्सन बंधूंनी स्वतःचं नाव कुठल्याच वाद्यावर घातलं नाही. पुढे कार्लच्या नातवानं शोध घेऊन पुस्तक लिहिलं, तेव्हा हे हात कुणाचे ते जगाला नीट कळलं. मिशिगनच्या कॅलमाझूमध्ये गिब्सननं दहा जादा तारांची मोठी हार्प गिटार काढली. मँडोलिनच्या वाद्यवृंदांत ती खर्ज भरायची. १९२० च्या दशकात ते वृंद ओसरले, बँजो आणि जॅझ आले, खर्जाचं काम डबल बासनं घेतलं. हार्प गिटारी माळ्यावर गेल्या.

पण माळ्यावरच्या तारांनाही कधीतरी कुणाचा तरी स्वर लागतो. १९८० च्या दशकात मायकेल हेजेस या विलक्षण गिटारवादकानं एक जुनी हार्प गिटार हाती घेतली आणि मैफलीत वाजवली. त्यांच्या १९८७ च्या 'लाइव्ह ऑन द डबल प्लॅनेट' या ध्वनिमुद्रणात ती ऐकायला मिळते. १९९७ मध्ये मोटार अपघातात ते गेले, वय अवघं ४३. पण तोवर अनेकांच्या कानांत ते वाद्य घुमू लागलं होतं. स्टीफन बेनेट यांना त्यांच्या पणजोबांची १९०९ ची डायर घरातूनच मिळाली. ती त्यांनी वाजवायला घेतली, आणि २००३ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला हार्प गिटारवाल्यांचा पहिला मेळावा भरवला. मेळाव्यात भेटणारे वादक एकमेकांना विचारतात ते घराणं नव्हे, तर तारा कशा लावल्या ते. दोघांची वाद्यं सारखी नसतातच. कुणाला पाच तारा, कुणाला सहा, कुणाला दहा, काहींना वरच्या बाजूला झणझणीत बारीक तारांची आणखी एक रांग. त्यामुळे दुसऱ्याचं वादन जसंच्या तसं उचलता येत नाही. ऐकावं लागतं, आणि मग आपल्या तारांना काय पेलतं ते शोधावं लागतं.

इथपर्यंत आल्यावर मला वाटतं, परंपरेकडे पाहण्याची आपली रीत थोडी अपुरी आहे. गुरूनं शिष्याचा हात धरून दिलं तेवढीच परंपरा, असं आपण धरतो. ती परंपरेची थोर रीत आहे, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण दुसरीही एक रीत आहे. कुणीतरी एक तार नीट लावून ठेवतो, स्वतःचं नावही न घालता. मग मधली पन्नास-साठ वर्षं तिला कुणी हात लावत नाही. आणि एक दिवस शेजारी कुणीतरी नेमका स्वर लावतो, तेव्हा ती हुंकार देते. पणजोबांनी पणतूला शिकवलं नाही. त्यांनी वाद्य ठेवलं. लार्सन बंधूंनी कुणाला दीक्षा दिली नाही. त्यांनी लाकूड नीट तासलं, म्हणून शंभर वर्षांनीही ते गातं. स्पर्श न करता पोचणारं शिक्षण हे दुय्यम नव्हे. मात्र त्याची अट कडक आहे. तार सुरात लावलेली हवी. सुरातून उतरलेली तार कितीही वर्षं टांगून ठेवा, तिच्याशेजारी कुणीही गाओ, ती मुकीच राहते.

म्हणून मी रोज वाजवण्याआधी पाच मोकळ्या तारा लावते, मग त्या दिवशी त्यांतल्या दोनच लागणार असल्या तरी. इथल्या हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते, की लाकूड तडकायची भीती असते. नेहमीच्या सहा तारांचाच ताण सत्तर किलोंच्या पुढे जातो, त्यात या पाचांची भर. म्हणून पेटीत ओलावा राखण्याची सोय ठेवते. हे सगळं वेळखाऊ आहे, आणि त्याचा मला कंटाळा येत नाही. आई म्हणाली ते सांभाळणं हेच.

तुमच्या घरात कुणाचा तरी तंबोरा गवसणीत, कपाटाच्या मागे उभा असेल. आजीचा असेल, काकांचा असेल, कुणाचा ते आता आठवतही नसेल. तो वाजवता येत नाही म्हणून तसाच ठेवू नका. गवसणी काढा, तारा बदलून घ्या, जाणत्या माणसाकडून एकदा नीट लावून घ्या आणि घरात जिथे माणसं बोलतात, गातात, तिथे उभा करा. शेजारी मूल गुणगुणू लागलं, की कान देऊन ऐका.